दुखावलेल्या मनानं देवळात कसं जावं?

(नंदाखाल येथे प्रायश्चित्तकाळात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, विषय जरा नाजूक आहे, चालेल ना?" मी म्हटलं, नाजूक आहे म्हणून तर बोलायला हवा.

माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. देव आहे की नाही, यावर वर्गात तासन्‌तास वाद व्हायचे. पण संध्याकाळी घरी आल्यावर ओट्यावर बसून लोक जो प्रश्न विचारायचे तो वेगळाच असायचा. "सर, माझं देवाशी भांडण नाही. देवळातल्या माणसांशी आहे. आता मी काय करू?" या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालं नाही. आज मी त्याचंच उत्तर शोधण्याचा प्रयत्न करणार आहे.

आधी हे बघू, की धर्मग्रामात झालेली जखम इतकी खोल का जाते? बँकेत कुणी अपमान केला तर आपण बँक बदलतो. दुकानदार उर्मट असला तर पुढच्या दुकानात जातो. पण ज्या देवळात आपला बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, आणि ज्याच्या आवारात आपले आईवडील पुरलेले आहेत, ते देऊळ कसं बदलणार? दुखावणारा माणूस रविवारी त्याच रांगेत उभा असतो. शांतीचा संकेत देताना त्याच्याकडे वळावं लागतं. म्हणजे जिथं जखम झाली तिथंच औषधासाठी जायचं, अशी ही अवघड परिस्थिती आहे.

हे फक्त आपल्या कॅथलिकांचं दुखणं नाही. अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे. त्यांच्या चर्चची स्थापना १८३० साली झाली आणि मुख्य केंद्र युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला आहे. त्यांच्यात तुम्ही कुठल्या मंडळीत जायचं हे तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरतं, आपल्या धर्मग्रामासारखंच. पण एक फरक आहे. आपल्याकडे धर्मगुरू बाहेरून येतात आणि काही वर्षांनी त्यांची बदली होते. त्यांच्याकडे स्थानिक मंडळीचा बिशप म्हणजे शेजारचाच माणूस, कुणी शिक्षक, कुणी व्यापारी. पगार नाही, काही वर्षं सेवा करायची आणि पुन्हा बाकावर येऊन बसायचं. कल्पना करा, तुमच्या घरातल्या खाजगी गोष्टी ज्याला माहीत आहेत तो तुमचा शेजारी आहे! तिथं मनं दुखावणं किती सहज घडत असेल.

युजीन इंग्लंड नावाचे एक मॉर्मन प्राध्यापक होते. साहित्य शिकवायचे. त्यांनी १९८६ साली एक निबंध लिहिला, तो त्यांच्या समाजात आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण निवडले नसते अशा माणसांबरोबर राहावं लागतं, काम करावं लागतं, म्हणूनच चर्चमध्ये माणूस प्रेम करायला शिकतो. आवडत्या माणसांवर प्रेम करायला चर्च कशाला हवं? आणि हे लिहिणारा माणूस सुखात बसून लिहीत नव्हता. त्यांच्या चर्चच्या एका वरिष्ठ नेत्यानं १९८१ साली पत्र लिहून त्यांना कडक शब्दांत समज दिलेली होती.

मला हा विचार पटतो, पण एका अटीवर. ही गोष्ट दुखावलेल्या माणसानं स्वतःला सांगायची आहे. दुखावणाऱ्यानं ती दुखावलेल्याला सांगायची नाही. "सहन कर, त्यात तुझंच भलं आहे" असं मारणाऱ्यानं म्हणायला लागलं, की ते अध्यात्म राहत नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. गाव सांगणार नाही, नाव सांगणार नाही. नंदाखाल नव्हे, एवढं सांगतो, म्हणजे तुम्ही आजूबाजूला बघणार नाही. (हशा)

माझा धाकटा भाऊ वारला. दारूनं गेला. शेवटची काही वर्षं तो देवळात जात नव्हता. मर्तिकाच्या मिस्साला प्रवचनात फादरांनी त्याचंच उदाहरण घेतलं. कसं जगू नये, याचं. समोर पेटी, पहिल्या बाकावर माझी आई. अख्खं देऊळ भरलेलं. कुणी हललं नाही. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेतलेला तिचा थोरला मुलगा शेजारी बसला होता, तोही काही बोलला नाही.

त्यानंतर मी त्या देवळात जाणं बंद केलं. सात वर्षं शेजारच्या गावात मिस्साला जायचो. लोक म्हणायचे, प्रोफेसर नास्तिक झाले. खरं काय ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आई मात्र रोज सकाळी त्याच देवळात जायची. एकदा मी चिडून विचारलं, "आई, तुला राग नाही येत?" ती म्हणाली, "येतो की. पण देऊळ काय त्याच्या एकट्याचं आहे?"

पुढे त्या फादरांची बदली झाली. सात वर्षांनी मी त्यांना पत्र लिहिलं. शिव्या नाहीत, फक्त काय घडलं ते, आणि आईच्या मनाचं काय झालं ते. आठवड्यात ते स्वतः घरी आले. ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "बाय, माझं चुकलं." आई म्हणाली, "उशिरा आलात, पण आलात." निघताना ते मला एक वाक्य बोलले, ते मी विसरलेलो नाही. "सर, सात वर्षांत मला कुणी सांगितलंच नाही."

त्यांची चूक होतीच. ती त्यांनी मानली. पण माझ्या सात वर्षांच्या गप्प बसण्यानं कुणाचं भलं झालं? आईचं नाही, माझं नाही. आणि त्या काळात त्यांनी आणखी किती घरांत तसं प्रवचन दिलं असेल, देव जाणे. सगळ्यांच्याच गोष्टी अशा संपत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. काही पत्रांना उत्तर येत नाही.

आता जरा शिस्तीनं विचार करू. आपण "मन दुखावलं" असं एकाच शब्दात बोलतो, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिला, रुसवा. यादीत नाव वाचलं नाही, सणाच्या कमिटीत घेतलं नाही, फादर दुसऱ्या आळीत जेवायला गेले. दुखतं, खोटं नाही. पण यावर उपाय म्हणजे दोन दिवस थांबणं आणि एखाद्या शहाण्या माणसाशी बोलणं.

दुसरा, अपमान. चारचौघांत कुणी टाकून बोललं. इथं उपाय मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. येशू तिथं पायऱ्या सांगतो. आधी त्या माणसाला एकट्याला गाठून त्याची चूक त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आपण काय करतो? पायऱ्या उलट्या चढतो. आधी सगळ्या गावाला सांगतो आणि ज्याला सांगायचं त्याला कधीच सांगत नाही.

तिसरा, अन्याय. हा एका माणसाच्या जिभेचा प्रश्न नसतो, व्यवस्थेचा असतो. पैशाचा हिशेब दाखवला जात नाही, अमुक आळीतल्या लोकांना किंवा अमुक जातीतून आलेल्यांना मान मिळत नाही, बाईचं मत विचारलंच जात नाही. इथं वैयक्तिक क्षमा पुरत नाही, नियम बदलावा लागतो. आणि तसं बोलणं म्हणजे बंड नव्हे. १९८३ च्या आपल्या धर्मसंहितेचं २१२ वं कलम काढून बघा. चर्चच्या हिताबद्दलचं आपलं मत आदरपूर्वक धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे, आणि काही वेळा ते त्यांचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. म्हणजे "तुम्ही कोण विचारणारे?" या प्रश्नाचं उत्तर चर्चच्याच कायद्यात दिलेलं आहे.

चौथा, गुन्हा. हे मी स्पष्ट बोलणार आहे. लहान मुलाच्या किंवा मुलीच्या अंगाला कुणी वाईट हेतूनं हात लावला, मग तो झगा घातलेला असो, शिक्षक असो, नात्यातला असो, तो "दुखावणारा अनुभव" नाही, तो गुन्हा आहे. तिथं मत्तयाच्या पायऱ्या लावायच्या नाहीत. त्या मुलाला आरोपीपुढे एकटं पाठवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, आणि न सांगणं हाही गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाईन क्रमांक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली नियम केला, की अशी गोष्ट कळल्यावर धर्मगुरू आणि व्रतस्थांनी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवलंच पाहिजे, आणि प्रत्येक धर्मप्रांतानं तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था केली पाहिजे. "चर्चची बदनामी होईल" म्हणून जो गप्प बसतो, तो चर्चला वाचवत नाही.

हे चार कप्पे वेगळे ठेवा. रुसव्याला अन्याय म्हटलं की घर फुटतं. गुन्ह्याला रुसवा म्हटलं की लेकरू मरतं.

आता पुढचा प्रश्न. दुखावलेल्या माणसापुढे वाटा किती? बहुतेकांना दोनच दिसतात, निघून जा नाहीतर गिळून बस. आल्बर्ट हिर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० सालचं एक छोटं पुस्तक आहे. त्याला हा विचार सुचला नायजेरियाच्या रेल्वेवरून. तिथं रेल्वे वाईट चालायची आणि समोर ट्रकची स्पर्धा असूनही सुधारत नव्हती. का? तर ज्यांनी तक्रार करून रेल्वेला जागं केलं असतं, तेच लोक ट्रककडे निघून गेले. राहिले ते न बोलणारे. म्हणून हिर्शमन म्हणतो की निघून जाणं ही एक वाट, बोलणं ही दुसरी. आणि माणूस कुठली वाट धरेल हे बरंचसं ठरतं निष्ठेवर. निष्ठा असेल तर माणूस जाण्याआधी बोलून बघतो.

आपल्या धर्मग्रामाला हे लावून बघा. कोण गेलं? जो मुलगा कमिटीत अवघड प्रश्न विचारायचा तो गेला. जी शिकलेली सून हिशेब मागायची ती आता फक्त नाताळला येते. आणि आपण म्हणतो, "आता सगळं कसं शांत चाललंय!"

बोलण्याच्या वाटेवर चाललेली आपल्या महाराष्ट्रातली थोर बाई म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज इथं अँग्लिकन चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई त्यांना प्रेमानं 'आजीबाई' म्हणत. लवकरच खटके उडू लागले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्रैक्याच्या सिद्धान्तावर रमाबाईंच्या शंका होत्या. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, इथपर्यंत वाद झाला. आजीबाईंना वाटे, ही मुलगी अहंकारी आहे. रमाबाईंचं म्हणणं असं, की ब्राह्मण पुरोहितांचं जोखड नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं तसंच जोखड घेणार नाही, पण ख्रिस्तालाही सोडणार नाही.

बघा, या बाईनं काय केलं. गप्प बसल्या नाहीत आणि नातंही तोडलं नाही. पत्रांतून लिहीत राहिल्या, सडेतोड, कधी रागावून, पण लिहीत राहिल्या. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. पुढे मुंबईत शारदा सदन काढलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक त्यांच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे दोन्ही घरांतून दुखावल्या गेल्या. तरी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर आयुष्याच्या शेवटापर्यंत करत राहिल्या. १९२२ साली त्या गेल्या.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ती भांडणाची पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण सिस्टर जेराल्डिन यांनीच ती जमवून जपून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती प्रसिद्ध केली. जिच्याशी वाद झाला तिनंच वाद जपला. वाद झाला म्हणजे नातं संपलं, असं आपण का समजतो?

पण मी तुम्हाला नेहमी राहाच असं सांगणार नाही. डॉ. आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. तो काही वर्षं चालला. ते बोलणंच होतं, 'आम्हीही तुमचेच आहोत' असं दार ठोठावून सांगणं होतं. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं आहेत. जाणारा माणूस उथळ असतो असं म्हणणाऱ्यांनी ही एकवीस वर्षं मोजावीत. जो समाज ऐकतच नाही, त्याला कुणी सोडून गेलं तर दोष जाणाऱ्याच्या पदरात टाकता येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, क्षमा. प्रायश्चित्तकाळ आहे, तुम्ही म्हणाल सर हे विसरले. नाही विसरलो. पण क्षमेच्या नावाखाली आपण तीन चुकीच्या गोष्टी खपवतो. क्षमा म्हणजे विसरणं नव्हे. क्षमा म्हणजे "काही झालंच नाही" असं म्हणणं नव्हे. झालंच नसेल तर क्षमा कशाची? आणि क्षमा म्हणजे पूर्वीसारखा विश्वास टाकणं नव्हे. क्षमा माझ्या एकट्याच्या हातात आहे. समेटाला दोघं लागतात, आणि विश्वासाला वेळ लागतो.

जोसेफ बटलर नावाचे इंग्लंडमधले एक तत्त्वचिंतक होते, पुढे बिशप झाले. त्यांची १७२६ साली छापलेली प्रवचनं आम्ही नीतिशास्त्रात शिकवायचो. ते म्हणतात, अन्यायाचा राग येणं हे पाप नाही. माणसाचं रक्षण व्हावं म्हणूनच देवानं तो भाव आपल्यात ठेवला आहे. पाप सुरू होतं ते त्या रागाचा सूड होतो तेव्हा, आणि समोरचाही माणूस आहे हे आपण विसरतो तेव्हा. माझ्या आईनं बटलर वाचला नव्हता. पण "राग येतो की" म्हणून ती रोज मिस्साला जात होती.

पौलाचंच बघा ना. अंत्युखियात तो पेत्राला तोंडावर बोलला, गलतीकरांच्या पत्रात त्यानंच लिहून ठेवलंय. बर्णबाशी त्याचं मार्कवरून एवढं बिनसलं की दोघं दोन दिशांना गेले. आणि म्हातारपणी तीमथ्याला पत्र पाठवून सांगतो, मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधली वर्षं कशी गेली ते बायबल सांगत नाही. पण गेली.

तेव्हा घरी जाताना काय न्यायचं? तुम्ही दुखावले असाल तर आधी कप्पा ठरवा. मग काय घडलं ते कागदावर लिहा, विशेषणं न लावता. दोन दिवसांनी पुन्हा वाचा. मग योग्य माणसाला सांगा, गावाला नव्हे. उत्तर आलं नाही तर वरच्या पायरीला जा. आणि दुसऱ्या देवळात मिस्साला जावंसं वाटलं तर खुशाल जा, मीही गेलो. फक्त का जाता ते एका तरी माणसाला सांगून जा.

बाजूला बसलेल्यांसाठी एवढंच, की बाकावरची जागा रिकामी दिसली तर अंदाज बांधू नका, घरी जा. "का येत नाहीस?" असं विचारू नका, तो पोलिसी प्रश्न आहे. "कसा आहेस?" विचारा.

आणि जे कमिटीवर आहेत, वेदीवर आहेत त्यांच्यासाठी. मीही एका कमिटीवर होतो. गायनवृंदातल्या एका बाईंच्या उच्चारांवर मी बैठकीत काहीतरी विनोद केला. सगळे हसले. त्या बाईंनी गाणं सोडलं. मला चार वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. ज्या माणसाला स्वतःच्या भावाच्या मर्तिकातला शब्द सात वर्षं टोचत होता, त्याला आपला शब्द आठवतही नव्हता! मी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर." पण पुन्हा गायल्या नाहीत. म्हणून सांगतो, तुम्हाला कुणी तक्रार सांगायला आलं तर तो माणूस अजून तुमचा आहे असं समजा. ज्याचं मन उठलं, तो सांगायला येत नाही.

आपल्या वसईत पूर्वी वाडीवाडीत बावखलं होती. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, जमिनीत मुरायचं, उन्हाळ्यात विहिरीला गोडं पाणी यायचं. आपण ती बुजवली, वर इमारती बांधल्या, आणि आता पाऊस आला की पाणी घरात शिरतं. धर्मग्रामातही दुःख उतरायला अशी एक जागा लागते, जिथं माणूस बसून बोलू शकेल आणि कुणी त्याला देवाचा शत्रू ठरवणार नाही. ती बुजवू नका.

 

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं: "सर, ज्यानं दुखावलं तो वारला असेल, तर कुणाला सांगायचं?")

चांगला प्रश्न आहे. त्याच्याशी समेट आता होणार नाही, हे आधी कबूल करू. तिथं क्षमा उरते, आणि ती तुमच्या गतीनं होईल, घाई नको. पण सांगायचं मात्र राहू देऊ नका. आज त्या जागेवर जो बसला आहे, त्याला सांगा. त्यानं केलं नाही, पण ती खुर्ची त्याच्याकडे आली आहे. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि "हे घडायला नको होतं" एवढं म्हटलं, तरी पुष्कळ असतं. फादर समोर बसले आहेत, ते मान हलवताहेत, म्हणजे तुम्ही उद्या जायला हरकत नाही.